काठावरची साखर आणि युक्ताहार

सज्जनहो, हरिकथेच्या जागी रक्तातल्या साखरेचा विषय कशाला, असे कोणी विचारील. विचारणे रास्त आहे. पण गेली काही वर्षे आम्ही ज्या ज्या गावी सप्ताहाला जातो, तेथे काकडा आटोपल्यावर किंवा हरिपाठ सुटल्यावर एखादा तरी टाळकरी बाजूला येतो, बंडीच्या खिशातून चौघडी घातलेला कागद काढतो आणि हळूच म्हणतो, "महाराज, जरा हे बघा. साखर काठावर आहे म्हणतात. म्हणजे काय समजायचे?" आम्हाला वैद्यकी येते असा त्याचा समज नसतो. मनाला जी टोचणी लागली आहे ती कोणापाशी बोलावी हे न कळून तो येतो. तेव्हा या महिन्याचे निरूपण त्या कागदावरच करावे असे ठरविले आहे.

आमच्या दिंडीत एक वीणेकरी बुवा आहेत. वय 56, अंगाने काटक, पंचवीस वर्षे वारी चुकलेली नाही. गेल्या चैत्रात गावात आरोग्य शिबिर भरले, तेथे यांनीही रक्त दिले. उपाशीपोटीची साखर 118 निघाली. पुढे तालुक्याच्या डॉक्टरांनी तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी केली, ती 6.3 आली. डॉक्टर म्हणाले, "बुवा, याला मधुमेह म्हणता येत नाही आणि सगळे ठीक आहे असेही म्हणता येत नाही. खाण्यापिण्याकडे बघा, चालते राहा, तीन महिन्यांनी पुन्हा तपासू."

एवढ्या बोलण्यावर बुवा निम्मे झाले. त्यांनी भाकरी सोडली, दूध सोडले, दुसऱ्यांकडे जेवायला जाणे सोडले. शहरातल्या मुलाकडून बोट टोचून साखर बघायचे यंत्र मागविले आणि दिवसातून चार-चारदा टोचू लागले. एकदा 104 आले की अंगणात हसतखेळत, एकदा 129 आले की अंथरुणावर. आम्हाला भेटले तेव्हा त्यांचे बोट हिरवेनिळे झाले होते. ज्या बोटाने तार छेडायची तेच बोट! म्हणाले, "महाराज, रोग झाला म्हणा, सोसतो. नाही झाला म्हणा, नाचतो. पण हे मधले लटकणे सोसवत नाही."

आम्ही चार उपदेशाचे शब्द बोललो, धीर दिला, बुवा गेले. ते गेल्यावर मात्र आम्हाला बसवेना. उठून ज्ञानेश्वरीचे फडके सोडले. सहाव्या अध्यायात पानखूण म्हणून एक कागद घातलेला होता. तो आमचाच. त्याआधीच्या मार्गशीर्षातला. उपाशीपोटी 121. डॉक्टरांनी महिन्याने पुन्हा या म्हटले होते. आम्ही गेलो नव्हतो. घरीही सांगितले नव्हते. सप्ताह आहे, चातुर्मास आहे, अमक्याची पुण्यतिथी आहे, अशी कारणे आम्ही स्वतःलाच सांगत होतो. व्यासपीठावर बसून सत्य बोलावे, सत्य बोलावे असे दुसऱ्याला सांगायचे आणि आपला कागद पोथीत दडवायचा! बुवा दिवसातून चार वेळा बघत होते, आम्ही दीड वर्षात एकदाही बघितले नाही. वरून दोन वागणुकी वेगळ्या दिसतात. आत भय एकच. म्हणून आज जे सांगणार आहो ते आधी आम्ही आम्हालाच सांगतो आहो, असे समजून वाचावे.

प्रथम हा काठ म्हणजे काय ते समजून घेऊ. आठ तास तरी पाण्याखेरीज पोटात काही न घेता सकाळी रक्त दिले, तर शंभर मिलिलिटर रक्तात साखर 100 मिलिग्रॅमच्या खाली असावी. 126 किंवा वर गेली तर तो मधुमेहाचा आकडा. मधले 100 ते 125 म्हणजे काठ. जागतिक आरोग्य संघटना हा काठ 110 पासून धरते, म्हणून एकाच कागदावर दोन डॉक्टर दोन शब्द बोलले तर गोंधळू नये. दुसरी तपासणी 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाजून दोन तासांनी करतात. तिचा काठ 140 ते 199. तिसरी ती एचबीएवनसी. रक्तातील तांबड्या पेशींना साखर चिकटते आणि त्या पेशी सुमारे 120 दिवस जगतात, म्हणून मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब तीत उतरतो. तिचा काठ 5.7 ते 6.4, 6.5 पासून पुढे मधुमेह.

पण येथे एक बारीक गोष्ट आहे. तहान, वारंवार लघवी, वजन उतरणे अशी लक्षणे नसताना एकाच आकड्यावर मधुमेहाचा शिक्का मारीत नाहीत. दुसऱ्या तपासणीने त्याला दुजोरा मिळावा लागतो. ताप, मोठे दुखणे, जागरण, दम्यासाठी किंवा सांध्यासाठी घेतलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या यांनी साखर तात्पुरती चढते. अंगात रक्त कमी असले तर एचबीएवनसीचा आकडा फसवू शकतो. घरातल्या यंत्राचे म्हणाल, तर त्यात शेकडा 15 इतका फरक नियमाला धरूनच चालतो. खरी साखर 118 असेल तर ते 101 दाखवील, किंवा 135 दाखवील. बुवांचे हसणे आणि रडणे पुष्कळदा त्या यंत्राच्या फरकावरच चालले होते! रोगनिदान त्या यंत्रावर करायचे नसते. त्यासाठी शिरेतून काढलेले रक्त प्रयोगशाळेत तपासावे लागते. तेव्हा डॉक्टर थांबा म्हणतात ते टाळाटाळ म्हणून नव्हे. एका साक्षीवर निवाडा करू नये म्हणून.

आणि या काठावर आपण एकटे नाही, बरं का. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीचा जो निष्कर्ष 2023 साली प्रसिद्ध झाला, त्यात मधुमेही 10 कोटी 10 लाख आणि काठावरचे 13 कोटी 60 लाख असा अंदाज आहे. म्हणजे काठावरच अधिक गर्दी! "आमच्या अंगावर मांस नाही, आम्हाला कुठली साखर?" असे आमचे बुवा म्हणत. त्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 साली दोघांचे एक छायाचित्र प्रसिद्ध केले. उंचीच्या मानाने वजन दोघांचे सारखेच. पण मोजले तेव्हा युडकिनांच्या शरीरात चरबी शेकडा 9 आणि याज्ञिकांच्या शेकडा 21. आपल्याकडचा देह बाहेरून किरकोळ दिसला तरी आत चरबी धरून असतो. तेव्हा सडपातळपणाचा अभिमान येथे उपयोगाचा नाही.

आता परमार्थाकडे वळू. नाथमहाराजांची देवगिरीची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. जनार्दनस्वामींच्या सेवेत असताना हिशेबाचे काम नाथांकडे होते. एके दिवशी एका पैचा मेळ बसेना. सारे निजले, हे दिव्यापाशी वह्या घेऊन बसले. मध्यरात्र उलटली तेव्हा ती चूक सापडली आणि आनंदाने त्यांनी टाळी वाजविली. स्वामी जागे होऊन आले आणि म्हणाले की, एका पैच्या चुकीसाठी जे चित्त इतके एकाग्र झाले, तेच भगवंताकडे लागले तर केवढा आनंद होईल! ही गोष्ट आम्ही शेकडो वेळा सांगितली आहे, पण तिच्यातली एक गोष्ट आमच्या ध्यानात आता आली. चूक सापडली म्हणून नाथ रडले नाहीत, टाळी वाजविली. चूक सापडली म्हणजे ती दुरुस्त होणार. आणि ती सापडावी म्हणून ते वह्या उघडून बसले. वह्या फडक्यात बांधून निजले नाहीत. तसेच तीच पै पुन्हा पुन्हा मोजीत सकाळपर्यंत हायही खाल्ली नाही.

आपल्या हातातला काठावरचा कागद हा असाच देहाच्या वहीतला एका पैचा फरक आहे. पुढे रुपयाची तूट येण्याआधी तो दिसला. कित्येकांना डोळ्याला झापड आली, पायाची जखम भरेना, तेव्हा पहिल्यांदा कळते की वही कधीचीच चुकत आली होती. ज्याला पैवर कळले त्याने टाळी वाजवावी की कपाळ बडवावे, हे ज्याचे त्याने ठरवावे.

कोणी म्हणेल, देह नाशवंत आहे असे तुम्हीच सांगता, मग त्याच्या आकड्यांचे एवढे कौतुक कशाला? देव ठेवील तसे राहावे. या शंकेचे उत्तर पंढरीत विटेवर उभे आहे. पुंडलीक काय करीत होता? आईबापांचे पाय चेपीत होता. म्हाताऱ्या, थकलेल्या, नाशवंत देहांचीच ती सेवा होती. दारात प्रत्यक्ष परब्रह्म आले, तरी त्याने ती सेवा टाकली नाही. वीट पुढे केली आणि थांब म्हणाला. देव रागावला का? नाही. कमरेवर हात ठेवून थांबला, तो अजून थांबलाच आहे. देहाची उचित सेवा आणि भक्ती यांचे वैर असते तर ती वीट तेथे दिसली नसती. दुसऱ्याच्या देहाची सेवा पुण्य आणि स्वतःच्या देहाची निगा मात्र आसक्ती, असे कसे होईल? हा देह आपला कमाविलेला नाही. वारी करायला, नाम घ्यायला, लेकराबाळांचे करायला म्हणून तो सोपविलेला आहे. सोपविलेल्या भांड्याची हेळसांड करणे याला वैराग्य म्हणत नाहीत.

शिवाय पाहा, आपला देवच वाट पाहणारा आहे. वारकऱ्याला वाट पाहण्याचे भय का वाटावे? आषाढी झाली की कार्तिकीची, कार्तिकी झाली की माघीची वाट आपण पाहतोच. पण वाट पाहणे म्हणजे हातावर हात ठेवून बसणे नव्हे. शेतकरी मृगाची वाट पाहतो तेव्हा नांगरट करतो, बांध घालतो, बी निवडून ठेवतो. पाऊस किती पडेल ते त्याच्या हाती नसते. रान तयार ठेवणे असते. पुढल्या तपासणीपर्यंतचे तीन महिने तसेच आहेत. निकाल आपल्या हाती नाही, रान आहे.

त्या रानात काय करायचे? सहाव्या अध्यायात भगवंतांनी पोट तुडुंब भरणारा आणि पोट मारणारा अशा दोघांनाही योगाच्या बाहेर ठेवले आहे, आणि माउलींनी तेथे माप राखून खाण्याचा, माप राखून चालण्याचा, निजण्याचा, जागण्याचा विस्तार केला आहे. भाकरी सोडणारे बुवा आणि सप्ताहातल्या प्रत्येक घरी शिऱ्याची वाटी रिकामी करणारे आम्ही, दोघेही त्या मापाबाहेर. डॉक्टर आज सांगतात ते फारसे वेगळे नाही. ताटात भाजी, डाळ-उसळ, ताक वाढवावे. भात-पोळीचे माप कमी करावे. गोड पेय, बिस्किटे, फरसाण सोडावे. "साखर वर्ज्य, गूळ चालतो" हा भ्रम आमच्या ऊसपट्ट्यात फार आहे. पोटात गेल्यावर गुळाची आणि मधाचीही साखरच होते. चहाचे म्हणाल, तर कीर्तनकाराला दिवसात दहा घरी चहा घ्यावा लागतो आणि "महाराज, घोटभर तरी घ्या" म्हणून आग्रह होतो. दहा घरचे दोन-दोन चमचे म्हणजे वीस चमचे साखर! आम्ही आता "माउली, बिनसाखरेचा द्या" असे सांगतो. पहिल्या दिवशी संकोच वाटला. यजमानीणबाई मात्र म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत, आमच्या ह्यांनाही तसाच लागतो, पण ते लाजतात." प्रसादाचा अनादर होईल म्हणून कोणी भिऊ नये. पेढ्याचा कण जिभेवर ठेवला तरी प्रसाद पोचतो. उरलेला शेजारच्या लेकराच्या हातावर ठेवावा, म्हणजे तो दुप्पट पोचतो.

आता एकादशी. हिच्यावर बोलताना आम्हाला जपून बोलावे लागेल, पण बोलले पाहिजे. एकादशी सोडा असे आम्ही सांगत नाही. ज्याला साखर उतरविणारी औषधे किंवा इन्सुलिन सुरू आहे त्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास करू नये. साखर एकाएकी खाली जाऊन माणूस बेशुद्ध पडतो, आणि देवाला ते नको आहे. पण काठावरचे आपण, ज्यांना औषध नाही, आपली अडचण बहुधा उपासाची नसून फराळाची आहे. साबुदाण्याच्या खिचडीत काय असते? साबुदाणा, शेंगदाणा, बटाटा, मिरची. आजचा साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो कंद, आणि शेंगदाणा, बटाटा, मिरचीही, ही चारही पिके मुळात अमेरिका खंडातली. युरोपातले खलाशी 1492 नंतर तिकडे गेले, तेव्हा कुठे ती जगभर पसरली. माउलींनी ज्ञानेश्वरी सांगितली ती 1290 साली. तेव्हा यांतले एकही या देशात नव्हते! ज्यांच्या पायाशी आपण एकादशी शिकलो त्यांनी खिचडीचे नावही ऐकले नव्हते. आणि साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. बटाट्याची त्याला जोड दिली म्हणजे साखर झरझर चढणारच. महिन्यातून दोन दिवस पोटाला विसावा आणि चित्ताला हरिनाम, हे व्रताचे प्रयोजन. त्या दिवशी इतर दिवसांपेक्षा पोट अधिक भरत असेल तर व्रत कोणाचे झाले? थोडी भगर, ताक, काकडी, मूठभर शेंगदाणे, एखादे फळ, पाणी. आणि उरलेला वेळ वीणा. एवढ्याने एकादशीला उणेपणा येत नाही.

चालण्याचे तर वारकऱ्याला सांगायला नको, असे वाटते. पण वर्षातले अठरा-वीस दिवस चालायचे आणि उरलेले साडेअकरा महिने ओट्यावर बसायचे, याचा उपयोग किती? सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात प्रमेहाचा उपचार सांगताना एक विलक्षण गोष्ट आली आहे. ज्याच्यापाशी धन नाही, मागेपुढे कोणी नाही, अशा रोग्याने जोडा-छत्रीवाचून, भिक्षेवर राहून, एका गावी एकच रात्र मुक्काम करीत, मुनीसारखे मन आवरून शंभर योजनांहून अधिक चालत जावे. वाचताना असे वाटते की कोणी वाटेवरचा वारकरीच रेखाटला आहे! अनवाणीचा भाग मात्र आज कोणी घेऊ नये; साखर असलेल्या माणसाच्या पायाची संवेदना कमी होऊ शकते, त्याने पायांत वहाण घालून चालावे आणि रात्री तळवे पाहावेत. बाकी सांगणे आजही खरे आहे. आठवड्यात 150 मिनिटे भरभर चालावे, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास, असे डॉक्टर सांगतात. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे फेरी मारली तर जेवणाने चढणारी साखर कमी चढते. एक हरिपाठ चालता चालता म्हटला की तेवढा वेळ सहज भरतो.

याने काही होते का? होते. चेन्नईच्या डॉक्टरांनी काठावरच्या 531 भारतीय माणसांवर एक मोठा प्रयोग केला, त्याचे फळ 2006 साली छापून आले. ज्यांना नुसती नेहमीची सूचना देऊन सोडले, त्यांतले शंभरी 55 तीन वर्षांत मधुमेही झाले. ज्यांनी आहार आणि चालणे सांभाळले, त्यांतले शंभरी 39. पाहा, 55चे 39 झाले, शून्य झाले नाही. म्हणून येथे दोन्हीकडून सावध राहावे. सारे नेमाने करूनही ज्याला मधुमेह झाला, त्याला "तुझे काहीतरी चुकले असेल, भक्ती कमी पडली असेल" असे म्हणणारा माणूस संतांचा नव्हे. घराण्यातून येते, वयाने येते, नाना कारणांनी येते. आणि करून तरी काय उपयोग म्हणून जो हात टेकतो, त्याने त्या सोळा माणसांकडे पाहावे. त्या सोळांत आपण असू किंवा नसू. पण नेमाचे फळ म्हणून नेम करायचा नसतो, हे तर वारकऱ्याला जन्माचे पाठ आहे.

तपासणीच्या बाबतीतही एक सत्याचरण आहे. पुष्कळ मंडळी तारीख जवळ आली की चार दिवस जेवण तोडतात, कारल्याचा रस पितात आणि चांगला आकडा घेऊन येतात. ही फसवणूक कोणाची? आरशापुढे जाताना तोंडावर दुसऱ्याचे चित्र चिकटविण्यासारखे आहे. ग्लुकोज पाजून करायच्या तपासणीच्या आधी तर तीन दिवस नेहमीचे, पोटभर जेवण हवेच. नाहीतर निकाल उलटा बिघडून आकडा चढू शकतो. म्हणून निर्जळी एकादशीच्या पाठोपाठ द्वादशीला ती तपासणी ठेवू नये. वारीतून आल्या आल्याही करू नये. आठवडाभर घरचे नेहमीचे अन्न खाऊन, झोप पुरी करून जावे. "मुळापासून घालवितो" म्हणणाऱ्याच्या पुड्या घेऊन तपासणी टाळू नये. घरच्या माणसांपासून लपवू नये. आणि वाट पाहण्यालाही एक मर्यादा आहे: फार तहान, रात्रीत चार-चारदा लघवीला उठणे, वजन भराभरा उतरणे, ओकाऱ्या, ग्लानी यांपैकी काही दिसू लागले तर तीन महिन्यांचा हिशेब करीत बसू नये, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

शेवटी, या मधल्या काळात देवाजवळ काय मागावे? बुवांनी हेच विचारले होते. "आकडा खाली येऊ दे" असे मागितले तर पाप नाही; लेकराने आईजवळ काहीही मागावे. पण एवढ्यावरच थांबलो तर देवाला आपण यंत्राच्या शेजारी उभा केला. 104 आले तर देव पावला, 129 आले तर देव कोपला. आमच्या अल्प बुद्धीला वाटते ते असे की, "जे असेल ते उघड्या डोळ्यांनी पाहण्याचे बळ दे, आणि पाहिल्यावर जे करायचे ते करण्याची लाज वाटू देऊ नको," असे मागावे. हे मागणे आकडा काहीही आला तरी वाया जात नाही. मधुमेह निघाला तर त्यावर औषधे आहेत, पथ्य आहे, आणि तो सांभाळून नेमाने वारी करणारे कितीतरी वारकरी आज वाटेवर आहेत. नाही निघाला तरी पथ्य तेच, चालणे तेच, आणि वर्षाने पुन्हा तपासणी आहेच. दोन्ही वाटांवर पहिले पाऊल एकच असेल, तर फाट्यावर बसून रडायचे कशासाठी?

आम्ही तो कागद पोथीतून काढून घरात दाखविला. दोन दिवस बोलणी खाल्ली, ती वाजवीच होती. पुढल्या आठवड्यात जाऊन रक्त दिले. 122 आले, म्हणजे अजून काठावरच. बुवांनी यंत्र कपाटात ठेवले आहे. डॉक्टरांनी सांगितले तेव्हाच काढतात. भाकरी पुन्हा सुरू केली आहे, मापाने. बोट बरे झाले आहे, तार पुन्हा स्वच्छ बोलू लागली आहे. आषाढी करून आलो की आठ दिवसांनी आम्ही दोघे एकाच सकाळी उपाशीपोटी तालुक्याला जाणार आहो. काय निघेल ते पांडुरंग जाणे. पण तोवरचे दिवस टांगणीचे नाहीत, आपल्या चालण्याचेच आहेत, एवढे आम्हा दोघांना कळले. ज्या माउलींच्या पोथीत किंवा कपाटात असा एखादा कागद अजून घडीत असेल, त्यांनी तो आज काढावा, घरात दाखवावा आणि तारीख ठरवावी, एवढीच सर्वांच्या चरणी विनंती.

रामकृष्णहरि.